चिखलाची लढाई

जॉन वू या दिग्दर्शकाचा 'रेड क्लिफ' पूर्ण पाहायचा तर जवळजवळ पावणेपाच तास काढावे लागतात. सिनेमा दोन भागांत आहे. पहिला जुलै २००८ मध्ये आला, दुसरा जानेवारी २००९ मध्ये. पाश्चात्त्य प्रेक्षकांसाठी दोन्ही कापूनकुपून अडीच तासांचा एकच केला. तो बघू नये, त्यात लढाई उरते आणि माणसं जातात. मी मूळ दोन्ही भाग पाहिले, सलग दोन रविवारी, वडिलांसोबत. बाबांना सबटायटल्स वाचायचा कंटाळा, त्यामुळे मी मोठ्यानं मराठीत सांगत होतो. चिनी नावांची आमच्या घरात जी दुर्दशा झाली ती इथे सांगत नाही.

गोष्ट इसवी सन २०८ ची. हान घराण्याचा सम्राट नावापुरता उरलेला, सगळा कारभार त्याचा प्रधानमंत्री त्साओ त्साओ याच्या हातात. उत्तर चीन त्यानं आधीच जिंकलेला. आता तो यांगत्झे नदीच्या खोऱ्यात उतरतो. समोर दक्षिणेचा तरुण सत्ताधीश सुन च्युआन आणि पराभव खात खात मागे हटलेला लिउ बेई. हे दोघं एकत्र येतात. त्साओ त्साओनं आपलं सैन्य आठ लाख असल्याची आवई उठवली होती. दक्षिणेचा सेनापती चौ यू यानं बसून हिशेब केला आणि तो आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास आणला. दक्षिणेकडे दोन्ही मिळून पन्नासेक हजार. उत्तरेच्या सैनिकांना नावेत उलट्या व्हायच्या, म्हणून नावा एकमेकींना जोडून ठेवलेल्या. दक्षिणेचा जुना सरदार हुआंग गाई यानं शरण येत असल्याचं पत्र पाठवलं, मग गवत, लाकूड आणि तेल भरलेल्या नावा पेटवून त्या जोडलेल्या ताफ्यात सोडून दिल्या. वारा आग्नेयेकडून होता. ताफा जळाला.

सिनेमाचा सगळा जोर त्या वाऱ्यावर आहे. ऐन हिवाळ्यात वारा उत्तरेचा असतो, तो एका रात्री उलटणार हे जुगे लियांगला आधीच कळलेलं असतं. चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानचोंगच्या कादंबरीत तो मंत्रतंत्र करून वारा मागून आणतो. जॉन वू शहाणा, त्यानं मांत्रिकाचा हवामानतज्ज्ञ केला. पण तिसऱ्या शतकात छेन शौ यानं लिहिलेल्या इतिहासात या लढाईत जुगे लियांगचं काम मुख्यतः वकिलाचं आहे. तो सुन च्युआनकडे जाऊन युती घडवून आणतो. आगीची कल्पना हुआंग गाईची आणि लढाई चौ यूची. गवताच्या बुजगावण्यांनी भरलेल्या नावा धुक्यात शत्रूसमोर नेऊन एक लाख बाण फुकटात मिळवण्याचा प्रसंगही कादंबरीनं जुगे लियांगच्या नावावर चढवलेला आहे.

याची तक्रार नाही. आपल्याकडे शाहिरांनी वेगळं काय केलं? मला रस आहे तो दुसऱ्या गोष्टीत. छेन शौच्या त्याच इतिहासात, त्साओ त्साओच्या चरित्रात, आगीला फारशी जागा नाही. तिथे साथीचा रोग आहे. पुष्कळ सैनिक आणि अधिकारी मेले, म्हणून तो मागे फिरला, असं तिथलं म्हणणं. त्साओ त्साओनं पुढे एका पत्रात सांगितलं की नावा मीच जाळल्या आणि चौ यूला उगाच नाव मिळालं. हरलेल्या माणसाचं बोलणं म्हणून ते अर्धं सोडून देऊ, तरी अर्धं उरतंच. परक्या हवेत आणि परक्या पाण्यावर आणलेलं सैन्य आग लागण्याच्या आधीच आतून खचलं होतं.

माझा पेशा सॉफ्टवेअरचा. एखादी सिस्टिम कोसळली की कशामुळे कोसळली याचा अहवाल लिहावा लागतो. त्यात दोन रकाने असतात, शेवटचा धक्का कशाचा आणि मूळ कारण काय. मीटिंगमध्ये सगळ्यांना पहिल्याच रकान्यात रस असतो, कारण तो सांगायला सोपा आणि त्यात गोष्ट असते. दुसरा रकाना रटाळ. सिनेमे पहिल्या रकान्यावर निघतात. लढाया मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यात हरल्या जातात.

सिनेमा संपतो तो त्साओ त्साओला जिवंत सोडून देण्याच्या प्रसंगानं. चिनी साधनांत पुढचा प्रसंग आहे आणि तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्साओ त्साओ उरलेलं सैन्य घेऊन हुआरोंगच्या वाटेनं पायी निघाला. वाट चिखलानं भरलेली, वर जोराचा वारा. घोडी पुढे जाईनात. त्यानं आजारी, दुबळ्या सैनिकांना गवत वाहून आणून वाटेवर पसरायला लावलं. ते पसरत असतानाच मागून घोडदळ त्यांच्या अंगावरून गेलं. कितीतरी जण चिखलात तुडवले गेले. हे आठ लाखांच्या आवईतले शेवटचे लोक. कोणी पावणेपाच तासांचा सिनेमा काढताना हा प्रसंग का वगळेल हे समजतं, पण मला तो आगीपेक्षा खरा वाटतो.

दुसरा भाग संपल्यावर बाबांनी विचारलं, "आपल्याकडं नाही का झाली अशी लढाई? पाण्याची?"

झाली. आमच्या घरापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आत झाली, आमचं शहर ज्यानं वसवलं त्यानंच ती जिंकली, आणि तिच्यात जिंकवणारा चिखल होता.

त्या लढाईचं नाव भातवडी. साल १६२४. आजचं भातोडी हे गाव अहिल्यानगर शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. तिथला तलाव निजामशाहीत मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान यानं बांधला. हा तोच सलाबतखान, ज्याची डोंगरावरची तीन मजली कबर नगरला येणाऱ्या प्रत्येक एसटीतून दिसते आणि जिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. तलाव शेतीसाठी होता. लढाईशी त्याचा काही संबंध येईल असं बांधणाऱ्याच्या मनातही नसणार.

मलिक अंबर तेव्हा सत्तरी ओलांडलेला होता. जन्म १५४८ च्या सुमाराचा, इथिओपियातला. पोरवयात विकला गेला, अरबस्तान-बगदाद करत दख्खनमध्ये आला. इथे त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतः हबशी होता. धनी मेल्यावर सुटलेला हा गुलाम पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा राज्य संपल्यात जमा होतं. अंबरनं एक राजपुत्र शोधून त्याला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीस वर्षं अकबर, मग जहांगीर अशा दोन बादशहांना दख्खन पचू दिली नाही. जहांगीरचा त्याच्यावर इतका दात होता की अबुल हसन या चित्रकाराकडून त्यानं एक चित्र काढवून घेतलं. त्यात बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. असं कधी घडलं नाही. अंबर १६२६ मध्ये म्हातारपणानं मेला. चित्र मात्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. न झालेल्या विजयाचा सिनेमा काढायला कॅमेराच लागतो असं नाही.

१६२४ चा पेच असा. शाहजहाननं बापाविरुद्ध बंड केलं होतं आणि मोगल सेनापती महाबतखान त्याच्या मागे होता. दख्खनमध्ये मोगलांना एक दोस्त हवा होता. अंबर आणि विजापूरचा इब्राहिम आदिलशहा दोघंही त्यासाठी तयार होते, कारण ज्याला मोगल मिळतील तो दुसऱ्याला चेपणार. महाबतखाननं विजापूर निवडलं. आदिलशहाची उत्तम फौज मुल्ला मुहम्मद लारीच्या हाताखाली बुऱ्हाणपूरला मोगलांच्या मदतीला गेली. म्हणजे विजापूर रिकामं. अंबरनं ते ओळखलं. गोवळकोंड्याच्या सरहद्दीकडे जाऊन कुतुबशहाकडून पैसे मिळवले, बीदरचा मुलूख लुटला आणि सरळ विजापूरला वेढा घातला. आदिलशहानं हौसेनं वसवलेलं नौरसपूर त्यानं उद्ध्वस्त केलं. आदिलशहा किल्ल्यात अडकला आणि त्यानं लारीला परत बोलावलं. लारी परतला तो लष्करखान आणि इतर मोगल सरदारांना बरोबर घेऊनच.

आता अंबरच्या पाठीवर दोन फौजा. तो वेढा उठवून उत्तरेकडे सरकायला लागला. मोगल सरदारांना त्यानं निरोप पाठवले की हे भांडण माझं आणि विजापूरचं, तुम्ही मध्ये पडू नका. कोणी ऐकलं नाही. हटत हटत तो नगरजवळ भातवडीला आला आणि तिथे थांबला.

मग त्यानं तलावाचा बांध फोडला.

इंटरनेटवर आणि व्याख्यानांत ही लढाई सांगितली जाते तेव्हा या वाक्यानंतर पाण्याची भिंत येते. मोगल छावणी रात्रीत वाहून जाते, हत्ती-घोडे बुडतात. आमच्या शहरात हे मी कितीदा ऐकलंय. पण इतिहासकारांनी फारसी साधनांवरून जे मांडलं आहे त्यात मोठा जलप्रलय नाही. पाणी सोडल्यानं शत्रूच्या वाटा बंद झाल्या, त्याच्या आसपासची जमीन चालण्याजोगी राहिली नाही. वर पाऊस होता. रसद येईना. छावणीत उपासमार सुरू झाली. माणसं, विशेषतः विजापूरचे शिपाई, गटागटानं अंबरकडे पळून येऊ लागले. अंबरचे स्वार रात्री छापे घालत होते आणि दर रात्री ते जास्त धीट होत होते. या सगळ्यानंतर जी समोरासमोरची लढाई झाली ती एका अर्थानं औपचारिकता होती.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा बुडालेल्या हत्तींपेक्षा त्यांना हेच पटलं. ते गंगापूर तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरचे. "काळ्या रानातून पावसात भरलेली बैलगाडी काढून दाखव म्हणावं," ते म्हणाले. "वाहून जायला पाणी लागतंय. अडकायला भिजलेलं रान पुरे."

आमच्या कॉलेजात सिव्हिलची पोरं ज्या मातीला शिव्या घालायची ती हीच. मराठवाडा-नगरच्या काळ्या मातीत अशी चिकणमाती असते जी पाणी पिऊन फुगते आणि वाळली की हातभर भेगा देते. ओली असताना चपलेला एवढी चिकटते की चार पावलांनंतर पाय उचलत नाही. मोगल फौजेचं बळ कशात होतं? अवजड तोफा, हत्ती, चिलखती स्वार, आणि मागून येणारा बाजार: बैल, गाडे, तंबू, बाजारबुणगे. ओल्या काळ्या रानात यातली एकेक गोष्ट ओझं होते. अंबरकडे होते हलक्या घोड्यांवरचे मराठे बारगीर. ना तोफखान्याची काळजी, ना तंबूची. त्यानं शत्रूला हरवणारं हत्यार उचललं नाही, शत्रूचीच हत्यारं निकामी केली. त्साओ त्साओनं उत्तरेच्या घोडेस्वारांना नावेत बसवून हे स्वतःचं स्वतःच केलं होतं. इथे अंबरनं ते दुसऱ्यावर लादलं.

लढाईत मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला आणि विजापूरची फळी फुटली. लष्करखानासह चाळीसेक मोगल सरदार पकडून दौलताबादला कैदेत पाठवण्यात आले. दख्खनमध्ये मोगलांचा एवढा दणदणीत पराभव क्वचितच झाला असेल.

आता प्रश्न हा, की यावर सिनेमा का नाही? गेल्या काही वर्षांत मराठीत 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड' आले, चालले. मीही थेटरात जाऊन पाहिले, शिट्ट्याही मारल्या. भातवडीत त्याहून मोठा मसाला आहे. म्हातारा सेनापती, दोन बलाढ्य शत्रू, फोडलेला बांध, रात्रीचे छापे. शिवाय भोसले आहेत. अंबरच्या बाजूनं शहाजीराजे लढत होते आणि त्यांचा धाकटा भाऊ शरीफजी याच लढाईत पडला. शरीफजींची समाधी भातोडीला आहे. कवींद्र परमानंदानं 'शिवभारता'त या लढाईचं वर्णन केलं आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीत ती घराण्याच्या अभिमानाचा भाग होती.

अडचण अशी की ही लढाई आपल्या आजच्या कुठल्याही चौकटीत बसत नाही. अंबरच्या बाजूनं कोण? हबशी, मराठे, दख्खनी मुसलमान. समोर कोण? मोगल, विजापूरकर, आणि मोगलांच्या चाकरीत असलेले लखुजी जाधव. लखुजी म्हणजे जिजाऊंचे वडील, शहाजींचे सासरे. शरीफजी मेला तो निजामशाहीसाठी, एका माजी गुलामाच्या हुकमाखाली. मालोजीराजांच्या या दोन्ही मुलांची नावं नगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली होती असं परंपरा सांगते. पटकथा लिहिणाऱ्यानं खलनायक कोणाला करायचं? आणि लढाईनंतर वर्षभरात शहाजी अंबरला सोडून विजापूरला, म्हणजे ज्यांना हरवलं त्यांच्याकडेच निघून गेले. हा तर क्लायमॅक्सचाच विचका.

चीनमध्येही असंच होतं, फक्त त्यांनी ते निस्तरलं. छेन शौनं इतिहास लिहिला तेव्हा त्साओ त्साओच्या वंशाला वैध मानणं भाग होतं, कारण त्या राज्याकडूनच पुढच्या घराण्यानं सत्ता घेतली होती. हजारेक वर्षांनी कादंबरीनं त्याला कपटी खलनायक करून टाकला आणि लिउ बेईला सज्जन. सिनेमानं तोच साचा उचलला. त्यासाठी इतिहासाला सोललं गेलं, हे खरं. पण त्यामुळे एक झालं, ती लढाई चीनमधल्या शाळकरी पोराला माहीत असते. आमच्या शहरात मी ऑफिसातल्या सात जणांना भातवडी विचारलं. एकाला माहीत होतं, आणि तो नगरचा होता.

चिनी माणसानं आपल्या लढाईबद्दल लिहिलंय, ते मात्र बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं. ह्युएन त्संग सातव्या शतकात, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात आला. हर्षालाही न नमलेल्या या लोकांचं त्याला कुतूहल वाटलं. उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, शत्रूवर जाण्याआधी त्याला कळवतात, हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकांचे कपडे देतात, आणि लढाईआधी माणसंही दारू पितात अन् हत्तींनाही पाजतात, असं त्यानं नोंदवलं आहे. त्याच्या दीडेकशे वर्षं आधी अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात कोणी चित्रकारानं सिंहलाची स्वारी रंगवली होती. नावांमध्ये उभे असलेले हत्ती, भाले, छत्र्या, समुद्र ओलांडून उतरणारं सैन्य. आमच्या जिल्ह्यातला पहिला युद्धपट तो. 'रेड क्लिफ'मधला ताफा पाहताना मला तीच भिंत आठवत होती, आणि हत्तीला नावेत चढवताना काय यातायात झाली असेल हे चित्रकाराला ठाऊक होतं की नाही, असा फालतू प्रश्न पडला होता. असो.

मला अंबरमध्ये रस आहे तो आणखी एका कारणानं. भातवडीचा बांध फोडणारा माणूस पाणी आणणाराही होता. १६१० मध्ये त्यानं खडकी गावाजवळ राजधानी वसवली. मोगलांनी ती १६१६ मध्ये जाळली. पुढे शाहजहाननं १६२१ मध्ये पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्हीदा ती उभी राहिली. अंबरच्या मुलानं, फत्तेखाननं, तिचं नाव फत्तेहनगर केलं, मग औरंगजेबानं औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. नावांवर आमच्याकडे जेवढं बोललं जातं त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही नहरीवर बोललं जात नाही. अंबरनं हर्सूलकडच्या डोंगरांतलं जिरलेलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही, फक्त उतार. मध्ये मध्ये हवेसाठी आणि साफसफाईसाठी उभ्या विहिरी. विसाव्या शतकातही लोक ते पाणी पीत होते. पाणचक्कीला जाणाऱ्या पर्यटकांना हे तंत्र थोडंफार दिसतं, जरी ती पाणचक्की आणि तिची नहर अंबरनंतर शंभरेक वर्षांनी झाली.

आज आमच्या घरी पाणी जायकवाडीतून येतं, आणि ते आठवड्यातून एकदा येतं तेव्हा सोसायटीत कोण आधी मोटर लावतो यावरून जी लढाई होते तिच्यात मी दोनदा मध्यस्थी केली आहे. नहरीनं आजच्या पंधरा-वीस लाखांच्या शहराची तहान भागेल असा दावा मी करणार नाही, तो हिशेब बसत नाही. पण जमिनीचा उतार आणि माती इतकी बारकाईनं कळलेला माणूस भातवडीला तलावाकडे पाहत उभा असेल, तेव्हा त्याला पाण्याची भिंत दिसत नसणार. पाणी कुठून कुठे पसरेल, कुठे थांबेल, किती दिवस तिथली जमीन सुकणार नाही, हे दिसत असणार.

आणि खालच्या गावांचं काय? १९३८ च्या जूनमध्ये जपानी फौजांना अडवायला च्यांग काय-शेकच्या सैन्यानं हुआयुआनकौजवळ पीत नदीचा बांध फोडला. जपानी थोडे रखडले. चिनी शेतकरी मात्र लाखोंनी मेले, आणि नदी नऊ वर्षं वाट चुकून वाहत राहिली. भातोडीचा तलाव त्यापुढे थेंबभर. तरी तो कोणाच्या तरी रब्बीचं पाणी होता आणि ते हिवाळ्याच्या तोंडावर सोडून दिलं गेलं होतं. 'रेड क्लिफ'चं मला एक आवडलं. लिउ बेईच्या सैन्यामागून पळणारी रयत, पोरंबाळं पाठीवर घेतलेली माणसं त्यात सुरुवातीलाच दिसतात, आणि सेनापती त्यांच्यामुळे हळू चालतो. भातवडीवर कोणी सिनेमा काढलाच, तर बांधाखालच्या एका शेतकऱ्याला दोन मिनिटं द्यावीत.

अंबर भातवडीनंतर दोनच वर्षं जगला. १६३३ मध्ये महाबतखाननं दौलताबाद घेतलं, फत्तेखान शरण गेला. अंबरची कबर खुलदाबादला आहे. शहाजी आणि शरीफजींचं वेरूळ तिथून चार-पाच किलोमीटर. खुलदाबादला माणसं जातात ती बहुतेक जर जरी जर बक्षच्या दर्ग्यात, आणि अलीकडे टीव्हीवाले जातात ते एका दुसऱ्याच कबरीसाठी. अंबरच्या कबरीपाशी आम्ही गेलो त्या दिवशी आमच्याशिवाय कोणी नव्हतं. बाबांनी घुमटाकडे बघून विचारलं, याला पाणी कुठून आणलं असेल रे बांधताना.

भातोडीचा तलाव नंतर बराच काळ गाळानं भरून पडला होता. इंग्रजांनी १८७० च्या दशकात त्याचा बांध दुरुस्त करून पुन्हा पाणी साठवलं आणि पाट काढले. तलाव आजही आहे आणि खालची रानं भिजतात.